अर्धशिशीची गोळी लिहिण्याआधी

महाराष्ट्रातल्या तमाम फॅमिली डॉक्टरांना,
स. न. वि. वि.

पाटीवर एमबीबीएस असो, बीएएमएस असो की बीएचएमएस, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. न्यूरोलॉजिस्टना नाही, कारण त्यांच्यापर्यंत पोचायला आमच्यासारख्यांना दहा-बारा वर्षं आणि जिल्ह्याच्या गावाला जायची एक रजा लागते. मानसोपचारतज्ज्ञांनाही नाही, कारण त्यांच्या दारात आम्ही दिसलो की संध्याकाळपर्यंत आळीला कळतं. डोकं उठलं की आम्ही येतो तुमच्याकडेच. नंबर लावतो, बाकावर बसतो, आणि आत गेल्यावर तीनच शब्द बोलतो, "डॉक्टर, डोकं दुखतंय."

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ४४. अर्धशिशी सोळाव्या वर्षापासूनची, म्हणजे संसारापेक्षा जुनी. तुमच्याकडे एकच मागणं आहे. अर्धशिशीची रोज घ्यायची गोळी लिहिण्याआधी पेशंटला मनाचं विचारा. सहानुभूती म्हणून नव्हे. कोणती गोळी लिहायची ते त्या उत्तरावर ठरतं, म्हणून.

आधी माझी हकिगत सांगते.

२०१६ च्या पावसाळ्यात माझं डोकं महिन्यातले बारा-बारा दिवस उठायला लागलं. गोळ्यांची एक पट्टी पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक देवघराच्या फळीवर. नोटा मोजायचं मशीन फरफरलं की उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू. एकदा कॅश टॅली करताना पाचशेचं एक बंडल कमी भरलं. पन्नास हजार. ते संध्याकाळी दुसऱ्या ट्रेमध्ये सापडलं, पण तोवर बाथरूममध्ये जाऊन मी दोनदा उलटी केली होती आणि एकदा रडून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर भले होते, आजही आहेत. त्यांनी बीपी बघितलं, चष्म्याचा नंबर विचारला, पाळीचं विचारलं, पित्ताचं विचारलं, जागरण होतं का, चहा किती पिता, दुखणं एका बाजूला की दोन्ही, उलटी होते का, उजेड सोसतो का, सगळं विचारलं. निदान बरोबर केलं. मग लिहून दिलं, "रोज रात्री जेवल्यावर एक. तीन महिने घ्या, मग दाखवा." गोळी होती फ्लुनारिझिन. आपल्याकडे अर्धशिशीसाठी ही सर्रास दिली जाते, आणि गुणही देते.

एक प्रश्न राहिला. २००६ साली मुलगी झाली तेव्हा आठ महिने मी माझ्यात नव्हते. बाळाला पाजायचे, न्हाऊ घालायचे, आणि भिंतीकडे बघत बसायचे. घरात सगळे म्हणायचे, "ओली बाळंतीण आहे, रडू येतंच." त्याला बाळंतपणानंतरचं डिप्रेशन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरांनी २०१६ मध्ये "आधी कधी मन असं खचलं होतं का?" एवढं विचारलं असतं, तर मी हे सांगितलं असतं. आपणहून कशी सांगणार? डोकेदुखीच्या पेशंटनं दहा वर्षांपूर्वीचं बाळंतपण कशाला काढायचं?

आणि फ्लुनारिझिनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, की ज्याला पूर्वी डिप्रेशन येऊन गेलंय त्याला ही गोळी देऊ नये. झोप येणं, वजन वाढणं आणि मन उदास होणं हे तिचे माहीत असलेले परिणाम आहेत. गुण आला तरी सहा महिन्यांनी थांबवून बघावी, असंही त्यातच आहे. हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण तो कागद इतका बारीक दुमडलेला आणि इतक्या बारीक टायपात असतो, की अर्धशिशीवाल्यानं तो वाचायचा म्हटला तर वाचता वाचताच डोकं उठावं.

तीन महिन्यांनी गेले. बाराचे चार दिवस झाले होते. डॉक्टर खूश, मीही खूश. "बघा, गुण आला! चालू ठेवा." चालू ठेवा म्हणजे किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवली की पट्टी मिळत होती. तशातच नोव्हेंबरात नोटाबंदी आली. त्या दिवसांत काउंटरच्या आत बसणाऱ्याचं काय झालं ते एखाद्या कॅशियरला विचारा. त्यामुळे मी गप्प गप्प झाले, जेवण जाईना, रविवारी दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठेना, याचं कारण सगळ्यांना आयतंच मिळालं. "ताण आहे हो ऑफिसात." मलाही तेच पटलं.

जानेवारीतली एक सकाळ सांगते. मी मोरीत पाटावर बसले होते. नळ सोडलेला. बादली भरली, वाहायला लागली, पाणी उंबऱ्याला लागून बाहेर स्वयंपाकघरात जायला लागलं. मला ते दिसत होतं. नळ हाताच्या अंतरावर होता. हात उचलवेना. सासूबाई बाहेरून हाका मारत होत्या, त्या ऐकू येत होत्या, आणि मनात एकच चाललं होतं, की आपण नसतो तर या घराचं जरा बरंच झालं असतं.

त्या सकाळी माझं डोकं दुखत नव्हतं. अजिबात नव्हतं. डोकं कधी आणि किती उठलं ते मी एका वहीत टिपते. त्या डोक्याच्या वहीत त्या दिवसापुढे मी शून्य लिहिलंय. ती वही तुम्ही पाहिली असतीत, तर पुन्हा म्हणाला असतात, गुण आला.

धाकटी बहीण मला थायरॉइड दाखवायला म्हणून तिच्या गावच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पर्समधल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला सांगितल्या. एक पट्टी उचलून बघितली आणि विचारलं, "बाळंतपणानंतर कधी असं झालं होतं?" मला इतकं रडू आलं, की बहीण घाबरली. गोळी थांबली. ती अंगातून उतरायलाही आठवडे घेते, तसे ते घेतले. मग मनाचे उपचार झाले, अर्धशिशीसाठी वेगळं औषध सुरू झालं. आज महिन्यातले पाच दिवस डोकं उठतं. मी कामावर जाते आणि मोरीतला नळ बंद करते.

सगळा दोष गोळीचा होता असं मी म्हणणार नाही. हे वाचून कोणी मनानेच आपली गोळी बंद करू नये, हेही इथेच सांगून ठेवते. कित्येकांना ती छान मानवते. माझ्या बाबतीत नोटाबंदी होती, जुनं बाळंतपण होतं, गोळी होती, आणि मुळात अर्धशिशी होती. यातलं कोणी किती केलं ते मला वेगळं काढता येणार नाही. पण अर्धशिशी आणि डिप्रेशन या दोघी एकमेकींच्या घरात मागच्या दारानं येतात-जातात, हे आता नुसतं पेशंटचं बोलणं राहिलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला एका अमेरिकन पाहणीबद्दल सांगितलं, ते मी पुढे स्वतः वाचलं. डेट्रॉइटच्या परिसरात नाओमी ब्रेस्लाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसं निवडली. काहींना अर्धशिशी, काहींना दुसऱ्या प्रकारची जोरदार डोकेदुखी, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. २००३ साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की आधी अर्धशिशी असलेल्यांना नव्यानं डिप्रेशन येण्याचा धोका जास्त होता, आणि आधी डिप्रेशन असलेल्यांना नव्यानं अर्धशिशी जडण्याचा धोकाही जास्त होता. डिप्रेशनवाल्यांना दुसऱ्या प्रकारची डोकेदुखी मात्र तशी जडलेली दिसली नाही. मला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. "इतकं दुखल्यावर कोणीही उदास होईल" एवढंच जर असतं, तर रस्ता एकेरी असता आणि कुठल्याही जोरदार दुखण्याला लागू पडला असता. इथे रस्ता दुहेरी आहे आणि तो अर्धशिशीच्याच गावाला जातो. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची व्यवस्था दोन्हीत गुंतलेली आहे, आनुवंशिकतेचा काही भाग सामायिक आहे, झोप बिघडली की दोन्ही बिघडतात. अर्धशिशीवाल्याला डिप्रेशन असण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून अधिक, असं निरनिराळे अभ्यास सांगतात. आणि ज्याला महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकेदुखी आहे, त्याचं प्रमाण कधीमधी दुखणाऱ्यापेक्षाही वर.

आणखी एक गोष्ट, तुमच्या कामाची. २०१२ साली आलेल्या, अमेरिकेतल्याच एका मोठ्या पाहणीत दिसलं, की कधीमधी दुखणाऱ्या अर्धशिशीचं वर्षभरात महिन्यातल्या पंधरा किंवा जास्त दिवसांच्या दुखण्यात रूपांतर व्हायला डिप्रेशन मदत करतं, आणि डिप्रेशन जितकं तीव्र तितका धोका मोठा. म्हणजे मनाकडे न बघता नुसत्या डोक्याचा इलाज करणं हे डोक्याच्या हिशेबानंसुद्धा आतबट्ट्याचं आहे.

आता थोडं आमच्या बाजूनं. अर्धशिशी म्हणजे डोकेदुखी, असं आमच्या घरचे समजतात. तुम्ही तसं समजत नाही हे मला माहीत आहे, पण समोरच्या बाकावर अजून चौदा जण बसलेले असताना तुम्हीही तेवढ्यावरच येता. माझा झटका दुखण्याच्या आदल्या दिवशीच सुरू होतो. जांभयांवर जांभया, गोड खावंसं वाटतं, मान आखडते, आणि उगाच भरून येतं. पूर्वी मी त्या दिवशी श्रीखंड खायचे, दुसऱ्या दिवशी डोकं उठायचं, आणि सासूबाई म्हणायच्या, "कशाला खाल्लंस? पित्त झालं." श्रीखंड बिचारं निर्दोष होतं. ती इच्छाच झटक्याची पहिली पायरी होती. मग चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत ठणका. तो गेल्यावर आणखी एक दिवस पिळून काढलेल्या फडक्यासारखा. त्या आदल्या दिवशीचं रडू हे झटक्याचं रडू. ते झटक्याबरोबर जातं. दोन आठवडे मुक्काम ठोकून बसतं ते वेगळं. हा फरक मला आता ओळखता येतो. तो बाकीच्या अर्धशिशीवाल्यांना कोणीतरी सांगायला हवा, आणि तुमच्याइतकं जवळचं दुसरं कोण आहे?

दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांबद्दल तर कोणीच विचारत नाही. "आज कसं आहे?" "आज बरं आहे." संपलं. पण त्या बऱ्या दिवशी मी काय करते? भाचीच्या लग्नाला होकार देत नाही, कारण हॉलमधला बँडबाजा. संकष्टी सोडली, कारण उपाशीपोटी डोकं हमखास उठतं. आणि सोडल्याची बोच वेगळी. विसर्जनाच्या दिवशी डीजे येण्याआधी खिडक्यांना गोधड्या लावते. रविवारी न्हायचं म्हटलं तरी विचार करते. केसांवरून न्हालं की डोकं उठतं, हे मी सांगायचे तेव्हा सगळे हसायचे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशाच ९४ भारतीय पेशंटांबद्दल रीतसर लिहिलंय, हे कळल्यावर मला पुरस्कार मिळाल्यासारखं वाटलं होतं! ३१ मार्चला माझं डोकं कधी उठत नाही. हिशेब जुळतात, सगळे पेढे खातात, आणि ताण उतरला की २ एप्रिलला मी अंधाऱ्या खोलीत. त्यामुळे आनंदाच्या दिवसाचीही धास्ती वाटायला लागते. एकेक गोष्ट अशी गळत जाते. लग्न, सहल, भिशी, सिनेमा, मैत्रिणी. शेवटी उरतं ऑफिस आणि अंथरूण. हे डिप्रेशन आलं म्हणून झालं, की हे झालं म्हणून डिप्रेशन आलं? काही का असेना, कोणीतरी विचारल्याशिवाय ते केसपेपरवर येणार नाही.

मिडास नावाची एक प्रश्नावली आहे. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे किती दिवस कामावर गेला नाहीत, किती दिवस घरकाम झालं नाही, किती दिवस लोकांत मिसळला नाहीत, असं ती विचारते. मी पहिल्यांदा भरली तेव्हा घरकामापुढे शून्य लिहिलं. खरंच शून्य होतं. कपाळाला ओढणी करकचून बांधून, मधूनच मोरीत उलटी करून येऊन, पोळ्या मात्र रोज झाल्या होत्या. फोडणीच्या वासानं पोटात ढवळायचं, म्हणून नाकाला पदर लावून फोडणी द्यायची. आमच्याकडच्या बायकांची ही प्रश्नावली पाहून कोणाला वाटेल, की यांना काही होतच नाही. पोळ्या झाल्या का एवढं विचारू नका, कशा झाल्या तेही विचारा.

आणि आम्ही थोड्याथोडक्या नाही. शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचं प्रमाण २५.२ टक्के निघालं. चारांत एक. बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ सालचं. त्यात वीस प्रौढांत एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन आल्याचं सापडलं होतं. तुमच्या सकाळच्या बाकावर या दोन्ही आकड्यांतली माणसं बसलेली असतात, आणि बऱ्याचदा ती एकच व्यक्ती असते.

उलट बाजूही बघा. मनाच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्याचं डोकं कोण विचारतं? आमच्या ऑफिसातला एक सहकारी दोन वर्षं डिप्रेशनचं औषध घेत होता. मन सावरलं, पण आठवड्यातून तीनदा डोकं उठायचं, त्यावर तो मेडिकलमधून आणून वेदनाशामक घ्यायचा. त्याला वाटायचं मनाच्या गोळीनं डोकं दुखायचंही थांबेल. हल्ली डिप्रेशनसाठी सगळ्यात जास्त दिल्या जाणाऱ्या औषधांचा जो गट आहे, एसएसआरआय, त्याचा अर्धशिशी टाळायला उपयोग होत असल्याचा पुरावा नाही. दुसरीकडे ॲमिट्रिप्टिलिन. जुनं, स्वस्त, अर्धशिशीवर चालणारं. पण अर्धशिशीसाठी ते दहा-पंचवीस मिलिग्रॅमनं सुरू होतं आणि डिप्रेशनसाठी त्याच्या कितीतरी पट लागतं. म्हणजे दहा मिलिग्रॅम लिहून "यात मनाचंही बघितलं जाईल" असं कोणी समजू नये.

या ॲमिट्रिप्टिलिनची आणखी एक गंमत. गंमत कसली म्हणा. माझ्या नणंदेला ते तिच्या डॉक्टरांनी अर्धशिशीसाठीच दिलं. ती घरी आली, लेकानं मोबाइलवर नाव टाकलं, आणि वर आलं, "डिप्रेशनवरचं औषध." तिनं पट्टी तशीच कपाटात टाकली. "डॉक्टरांना मी वेडी वाटले का?" सहा महिने ती त्यांच्याकडे फिरकली नाही. दोष कोणाला द्यायचा? दोन वाक्यांचा प्रश्न होता. "हे औषध जास्त प्रमाणात डिप्रेशनला देतात, तुम्हाला मी कमी प्रमाणात डोक्यासाठी देतोय. आणि मनाचं काही असेल तर तेही सांगा, लाजण्यासारखं त्यात काही नाही."

वेदनाशामकांचं तुम्ही आम्हाला बजावता, त्यावर जास्त लिहीत नाही. साध्या गोळ्या महिन्यातले पंधरा दिवस, मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान म्हणजे अर्धशिशीचा झटका मोडायच्या खास गोळ्या दहा दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं उठवायला लागते. हे आम्हाला फक्त रागावून सांगितलं जातं. पण जी बाई दुखायच्या आधीच, दुखेल या भीतीनं गोळी घेते, तिला रागावून काय उपयोग? तिथे ती भीतीच औषधाची चिठ्ठी लिहीत असते.

आता तुमच्या अडचणी. मला दिसतात त्या. संध्याकाळच्या ओपीडीत माणशी दोन-चार मिनिटं. पण पीएचक्यू-२ म्हणून दोनच प्रश्न आहेत, त्यांना अर्धं मिनिटही लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, मजा येत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, खचल्यासारखं, आता काही खरं नाही असं किती दिवस वाटलं? एकदाही नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शून्य ते तीन गुण. दोन्हींची बेरीज तीन किंवा वर गेली, तर पुढचं सविस्तर विचारायचं. याला तिसरा प्रश्न माझा जोडते. याआधी आयुष्यात कधी असं झालं होतं का, बाळंतपणानंतर, कोणी गेल्यावर, की उगाचच? हा तिसरा प्रश्न गोळी निवडताना लागतो. आणि दुसऱ्या खेपेला, "डोकं किती दिवस उठलं" विचाराल तेव्हा याच प्रश्नांची बेरीज पुन्हा करा. माझी ती जानेवारी तिथे सापडली असती.

दुसरी अडचण तुम्ही बोलून दाखवता. "मनाचं विचारलं की पेशंट बिथरतो. म्हणतो, मी नाटक करतो असं वाटतं का?" खरं आहे, बिथरतो. कारण अर्धशिशीवाल्याला आयुष्यभर हेच ऐकावं लागलेलं असतं. त्यामुळे "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य तेवढं कृपा करून वापरू नका. त्याचा अर्थ आम्हाला "दुखणं खोटं आहे" असाच ऐकू येतो. अर्धशिशीच्या दुखण्यात सीजीआरपी नावाचं रसायन कसं काम करतं ते शोधणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ सालचं ब्रेन प्राइज हे मेंदूविज्ञानातलं मोठं बक्षीस मिळालं. नाटकावर कोणी असं बक्षीस देत नाही. आधी म्हणा, "तुमचं दुखणं खरं आहे, त्याला नाव आहे, औषध आहे." मग म्हणा, "या आजाराबरोबर मन खचणं बऱ्याच जणांत दिसतं, म्हणून मी सगळ्यांनाच विचारतो." सगळ्यांनाच, हा शब्द महत्त्वाचा. बीपीचा पट्टा सगळ्यांच्याच दंडाला बांधता, त्याचा कोणाला राग येत नाही.

नवरा, सासू किंवा आई बरोबर असेल तर दोन मिनिटं त्यांना बाहेर बसवा. माझ्या वेळी आमचे हे शेजारच्या खुर्चीत होते. माणूस चांगला आहे, पण त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते? "आपण नसतो तर बरं", हे?

आणि उत्तर "हो" आलं तर पुढे काय, ही तिसरी अडचण. सगळं तुम्हीच करावं असं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. १४४१६ हा टेलिमानसचा फोन २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर औषधाच्या चिठ्ठीवर खाली लिहून दिला, तरी पेशंटला तो डॉक्टरांनी सांगितलेला वाटतो. पोस्टरवरचा वाटत नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. माझ्या डोक्यात ते होतेच, आणि कोणी विचारेल याची मी वाट बघत होते. नियमित झोप, वेळेवर जेवण, रोजचं चालणं, समुपदेशन, हे डोकं आणि मन दोन्हींच्या उपयोगाचं आहे, तेव्हा निम्मं काम एकाच सल्ल्यात होतं.

येत्या गुरुवारी मी माझ्या जुन्या डॉक्टरांकडे जाणार आहे. हो, त्यांच्याकडेच. आठ वर्षांनी. रागानं नाही; गावात रात्री-अपरात्री दार उघडणारे तेच एक आहेत. डोक्याची वही नेणार आहे. त्यात आता दोन रकाने आहेत, एक दुखण्याचा आणि एक मनाचा. त्यांनी फक्त पहिला बघितला, तर दुसऱ्यावर बोट ठेवून विचारणार आहे, "आणि हे?"

आपली,
एक पेशंट

ता. क. वेटिंगमधल्या बाकांवरचा तो पांढरा लखलखीत ट्यूबलाइट आणि भिंतीवरचा टीव्ही जमल्यास बंद ठेवायला कंपाउंडरना सांगावं. आमच्यातले निम्मे आत पोचेपर्यंत उलटीला आलेले असतात.